आधी उभं कुठे राहणार ते ठरवा, मग कॅमेरा

दिवाळी उरकली की या सदराकडे बर्फाची पत्रं यायला लागतात. गेली नऊ वर्षं फेब्रुवारीतले दहा-बारा दिवस मी गुलमर्गला काढते, शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे फोटो काढत. त्यामुळे या वेळी पूर्ण जागा त्याच पत्रांना दिली आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान उतरला होता, तेव्हापासून स्कीइंगनं तिच्या डोक्यात घर केलंय. येत्या फेब्रुवारीत ती गुलमर्गला कोर्स करणार आहे आणि शेवटचे चार दिवस मी तिथे असेन. मला स्वतःला स्की येत नाही. घरात ह्यांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर आहे, १८-५५ लेन्सचा. लेक उतारावरून येतानाचे चांगले फोटो हवेत. दीड लाखापर्यंत तयारी आहे. दुकानदार म्हणतो, व्लॉगिंगचा छोटा कॅमेरा घ्या, बर्फात हलकाच बरा. घेऊ का?
— एक आई, नाशिक

उत्तर : नका घेऊ. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल, पण व्लॉगिंगसाठी म्हणून विकले जाणारे बरेचसे छोटे कॅमेरे, उदाहरणार्थ निकॉनचा झेड ३० किंवा सोनीचा झेडव्ही-ई१०, यांना डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरच नाही. सगळं मागच्या स्क्रीनवर बघायचं. गुलमर्गला स्वच्छ ऊन पडलं की वरून सूर्य आणि खालून बर्फ, असा दोन्हीकडून उजेड अंगावर येतो. त्या स्क्रीनवर तुम्हाला लेक दिसणार नाही, तुमचाच चेहरा दिसेल. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल तर काही कोनांत स्क्रीन काळी पडते, ते वेगळंच. व्ह्यूफाइंडर ही बर्फातली पहिली अट. त्यावर तडजोड करू नका.

आता कॅमेऱ्याच्याही आधीचा प्रश्न. तुम्ही उभ्या कुठे राहणार? गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला जातो आणि दुसरा थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. वरच्या टप्प्यातले उतार कसलेल्यांचे. नव्यानं शिकणारी मुलं खालच्या पठाराला लागून असलेल्या सौम्य उतारांवर असतात. तिथे तुम्ही चालत जाऊ शकता आणि उताराच्या कडेला उभ्या राहू शकता. कडेलाच राहायचं, मध्ये नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वागणुकीचे दहा नियम आहेत, त्यातही पायी चालणाऱ्यानं उताराच्या कडेनंच जावं असं सांगितलं आहे. म्हणजे तुमच्यात आणि लेकीत अंतर राहणार वीस ते चाळीस मीटर.

या अंतरावरून लेन्स ठरते आणि लेन्सवरून कॅमेरा. लोक हे नेमकं उलट करतात. तुमच्या घरच्या १८-५५ मध्ये चाळीस मीटरवरची मुलगी काडीएवढी दिसेल. तेच २५० मिमीला त्या अंतरावर साधारण पावणेचार मीटर रुंदीची चौकट मिळते. त्यात ती, तिच्या हातातले दोन्ही पोल (काठ्या) आणि मागे उडणारा बर्फ नीट मावतो. वीस मीटरवर आली की लेन्स १२५ पर्यंत मागे घ्यायची. म्हणून झूमच हवी, आणि २५० पर्यंत पोचणारी हवी. ६०० मिमीच्या तोफेची तुम्हाला गरज नाही.

माझी शिफारस निकॉन झेड ५० टूची आहे. २०२४ च्या शेवटी आलेला हा कॅमेरा दोन लेन्सच्या संचात मिळतो, त्यातली दुसरी लेन्स ५०-२५०, वजन ४०५ ग्रॅम. बॉडी साडेपाचशे ग्रॅमची. म्हणजे गळ्यात एक किलोच्या आतच. व्ह्यूफाइंडर चांगला उजळ आहे, बर्फातून डोळा लावला तरी अंधार वाटत नाही. यांत्रिक शटरनं सेकंदाला अकरा फोटो निघतात आणि एकदा माणूस धरला की फोकस त्याला सहसा सोडत नाही. बॉडीत स्थिरीकरण नाही म्हणून कुणी नाक मुरडेल. तुम्ही मुरडू नका. स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, धावणारी मुलगी त्यानं थांबत नाही. कॅनन आर १० आणि १००-४०० ही जोडीही चांगली आहे, पण ती लेन्स ४०० ला एफ ८ वर असते, म्हणजे तिचं तोंड कमी उघडतं, आणि ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) फार वर न्यावा लागतो. गुलमर्गला ढगाळ दिवस पुष्कळ.

सेकंदाला अकरा फोटो कशाला, असं वाटेल. हिशेब करून बघा. ताशी पन्नास किलोमीटरनं उतरणारा प्रशिक्षक सेकंदाला चौदा मीटर जातो. अकराच्या वेगानंही दोन फोटोंमध्ये तो सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. वळताना गुडघा वाकला, हात पुढे आला, बर्फाचा पंखा उघडला, हे सगळं त्या सव्वा मीटरात होऊन जातं. शटरचंही तसंच. सेकंदाच्या एक पाचशेअंशाला तो जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकतो आणि चेहरा पुसट होतो, दोन हजारअंशाला सात मिलिमीटर. तुमची लेक चौथ्या दिवशी ताशी वीस-पंचवीसनं येत असेल, तिला एक हजारअंश पुरे.

उन्हात आयएसओ ४००, एफ ६.३ आणि शटर १/२५०० इथून सुरुवात करा, आणि मॅन्युअलवर ठेवा. हे मी मुद्दाम ठासून सांगते. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं करडं आहे असं धरून चालतं, त्यामुळे नुसता बर्फ दिसला की फोटो काळवंडतो आणि बर्फ धुतलेल्या राखेसारखा येतो. त्यावर सगळे सांगतात की एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). बरोबर आहे, पण गुलमर्गच्या उतारांच्या कडेला देवदार आणि फरची काळीशार झाडं आहेत. मुलगी पांढऱ्यावरून निघून त्या झाडांसमोर आली की मीटर पुन्हा घाबरतं, आणि तुम्ही वाढवून ठेवलेल्या दोन स्टॉपमुळे तिचं जॅकेट आणि चेहरा पार उडून जातो. ऊन तेच, उजेड तोच, मागचा पडदा तेवढा बदललाय. म्हणून पोचल्यावर एकदा उन्हातल्या बर्फाचा फोटो घ्या, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकायच्या जरा अलीकडे आणा, आणि ढग येईपर्यंत त्या आकड्यांना हात लावू नका.

फोकसच्या बाबतीत एक प्रसंग सांगते. तिसऱ्या वर्षी कोंगडूरीला सकाळी नऊच्या सुमारास, सूर्य समोर ठेवून मी एका प्रशिक्षकाची वाट बघत होते. तो माझ्यापासून दहा-बारा मीटरवर वळला आणि बर्फाचा फवारा त्याच्या छातीइतका उंच उठला. उन्हात त्यातला कण न् कण चमकत होता. मी सलग चौदा फोटो घेतले. संध्याकाळी बघितलं तर चौदाही फोटोंत बर्फाचे कण लख्ख आणि मागे माणूस धूसर. फोकसनं माणूस सोडून फवारा धरला होता. त्या दिवसापासून मी फोकसच्या सेटिंगमध्ये मध्ये काही आडवं आलं तर लगेच त्याच्याकडे वळू नकोस, असं सांगणारा पर्याय निवडून ठेवते. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, निकॉनमध्ये ते ‘लॉक-ऑन’ या नावानं सापडतं. त्याला सर्वात सुस्त जागेवर नेऊन ठेवा.

बॅटऱ्या तीन घ्या, आणि कंपनीच्याच घ्या. एका वर्षी मी एका दुकानातून स्वस्तातल्या दोन उचलल्या होत्या. खोलीत पूर्ण भरलेल्या दिसायच्या, अफरवटला गोंडोलातून उतरल्यावर पंधरा मिनिटांत दोन्ही बसल्या. थंडीत चांगलीही बॅटरी लवकर दमते, मात्र अंगाच्या उबेला ठेवली की तिच्यात पुष्कळ जीव परत येतो. म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवा आणि अर्ध्या तासानं आलटून पालटून वापरा. कुणी प्रेमानं फेरनातली (काश्मिरी झग्यातली) कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, पुढे करेल. हात शेकून घ्या, बॅटरी मात्र निखाऱ्यांजवळ नेऊ नका. झेड ५० टूमध्ये कार्ड आणि बॅटरी खालच्या एकाच दारात आहेत. बर्फ पडत असताना ते दार उघडायचं तर जॅकेटच्या आत धरून उघडा.

सराव नाशिकलाच होईल. रोलर स्केटिंग शिकणारी मुलं जिथे असतील तिथे चार रविवार जा. स्केटिंगमधलं वळण आणि स्कीचं वळण, दोन्हींत वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं तो क्षण सारखाच असतो, आणि तोच टिपायचा असतो. जाताना घेऊन जाणार असाल तो हातमोजा घालून सराव करा. बोटांना कुठलं बटण सापडत नाही ते नाशिकला कळलेलं बरं.

आणि एक मनापासून. चार दिवसांसाठी दीड लाख घालायचे नसतील, तर घरच्या डीएसएलआरला बसणारी जुनी ५५-२५० किंवा ७०-३०० शोधा, भाड्यानंही मिळते. मधला एकच फोकस बिंदू वापरा. दहांतले सहा फोटो चुकतील, पण व्लॉगिंगच्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा ते चार तुम्हाला जास्त आनंद देतील.

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, म्युनिकला शिकतो. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही मित्र ट्रेननं गार्मिश-पार्टेनकिर्खेनला स्नोबोर्डिंगला जातो. मला बोर्डवर असतानाच मित्रांचे फोटो काढायचेत. मोठा कॅमेरा घेऊन पडायची भीती वाटते. हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेरा पुरेल का?
— एक विद्यार्थी, म्युनिक

उत्तर : तुझी गोष्ट वरच्या पत्राच्या अगदी उलट आहे. तू स्वतः उतारावर आहेस, मित्र तुझ्यापासून चार-पाच मीटरवर आहे. तुला लांबची लेन्स नको, रुंद हवी.

ॲक्शन कॅमेरा तुला काय दिसलं त्याचा व्हिडिओ छान देतो. फोटो म्हणून बघशील तर इतकी रुंद नजर असते की पाच मीटरवरचा मित्रसुद्धा मुंगीएवढा होतो आणि क्षितिज वाकतं. तो असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

मी तुला ओएम सिस्टीमचा ओएम-५ सुचवेन, १२-४५ एफ ४ लेन्ससह. बॉडी चारशे ग्रॅमच्या आसपास, लेन्स अडीचशे. बॉडीला धूळपाण्यापासून संरक्षणाचं आयपी ५३ मानांकन आहे, लेन्सही धूळपाण्यापासून जपलेली आहे आणि कंपनी उणे दहा अंशांपर्यंतची हमी देते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश एवढंच छापलेलं असतं. धावत्या माणसामागे फोकस नेण्यात हा कॅमेरा आजच्या इतर मिररलेसइतका (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांइतका) तरबेज नाही, हे मी लपवत नाही. पण तुला त्याची गरजच पडणार नाही. लेन्स १२ मिमीवर, एफ ५.६, आणि फोकस हातानं दोन मीटरवर लावून ठेव. मीटरभरापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फक्त चौकट आणि वेळ साधायची.

स्नोबोर्डचा फोटो स्कीपेक्षा अवघड का जातो, तर बोर्डवर माणूस आडवा उभा असतो. अर्धा वेळ त्याची पाठच दिसते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या मित्राची छाती त्याच्या उजवीकडे असते. म्हणजे खाली थांबून वर बघत असशील तर त्याच्या वाटेच्या तुझ्या डाव्या कडेला थांब. उजवा पाय पुढे असेल तर दुसऱ्या कडेला. आणि टाचेच्या कडेवर वळतो तेव्हा तो उताराकडे तोंड करून मागे रेलतो. चेहरा, हात, बोर्डाखालून सुटणारा बर्फ, तिन्ही एकदम मिळतात. बोटांच्या कडेवरच्या वळणाला शटर दाबू नकोस, हात वाचव.

कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये मणक्यावर येईल असा कधीच ठेवू नकोस. छातीवरची छोटी जाड पिशवी घे, पट्टे घट्ट आवळ, लेन्स बरगडीकडे न येता आडवी राहील असं बघ. नवी उडी शिकत असशील त्या दिवशी कॅमेरा लॉकरमध्ये. आणि उंचवट्याच्या लगेच खाली थांबू नकोस. वरून येणाऱ्याला तू दिसत नाहीस. जागा कितीही चांगली असली तरी तो फोटो सोडून दे.

प्रश्न : मी नागपूरला वर्तमानपत्रांसाठी क्रीडा छायाचित्रं काढतो. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा टिपायला गुलमर्गला जायचा विचार आहे. माझा निकॉन डी ५०० विकून मिररलेस घेऊ का?
— एक छायाचित्रकार, नागपूर

उत्तर : या स्पर्धेसाठी विकू नका. २०१६ चा असला तरी १५३ फोकस बिंदू, सेकंदाला दहा फोटो आणि एका बॅटरीत हजारावर फोटो, हे थंडीत सोनं आहे. त्याचा व्ह्यूफाइंडर काचेचा, त्याला वीज नावापुरतीच लागते. घेतलाच मिररलेस, तर इलेक्ट्रॉनिक शटरनं एकदा धावत्या माणसाच्या हातातली काठी टिपून बघा. सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात सरळ पोल वाकडा येतो, स्लॅलमचे, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या शर्यतीचे, खांबही तिरपे होतात. अशा कॅमेऱ्यात यांत्रिक शटरच वापरा.

स्लॅलममध्ये आधी येणाऱ्या दोन-तीन खेळाडूंची रेघ नुसती बघा. सगळे साधारण त्याच खांबाला हात आणि नडगी घासून जातात. तो खांब चौकटीत ठेवा, खेळाडू त्याच्या वरच्या खांबाशी असतानाच फोकस धरा आणि खालच्या खांबापर्यंत बोट उचलू नका.

प्रश्न : गेल्या जानेवारीत औलीला बर्फातून हॉटेलवर परतलो आणि पाच मिनिटांत कॅमेऱ्यावर दव धरलं, लेन्सच्या आतही. घाबरून हेअर ड्रायर लावला. आता लेन्समध्ये पुसट डाग दिसतो. काय चुकलं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ड्रायर चुकला. गार काचेवर खोलीतल्या हवेचं बाष्प जमलं होतं, ते तासा-दोन तासांत आपलं आपण गेलं असतं. गरम झोतानं ते आणखी आत गेलं असावं. डाग बुरशीचा आहे की नाही ते दुरुस्तीवाल्याला उघडून बघू द्या, स्वतः उघडू नका.

पुढच्या वेळी हॉटेलच्या दाराबाहेर, गार हवेतच, कॅमेरा झिप लावायच्या जाड प्लास्टिक पिशवीत घाला, हवा काढून झिप बंद करा आणि पिशवी सॅकमध्ये ठेवूनच आत जा. दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. पिशवी दोन तास उघडायची नाही. बाहेर असताना लेन्सवर बर्फ पडला तर तोंडानं फुंकू नका, श्वासाची वाफ तिथेच गोठते. रबरी फुग्यानं उडवा. कार्ड आणि बॅटरी मात्र पिशवी बंद करायच्या आधीच काढून खिशात टाका. नाहीतर रात्री फोटो बघायला नाही तर चार्जिंगला म्हणून घरातलं कुणीतरी पिशवी उघडतंच.